सेठ संध्याकाळी येतील

पुरस्कार या गोष्टीचा मला राग आहे, आणि तो उगाच नाही. काशीमीऱ्याच्या सर्व्हिस रोडवर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. उद्योगरत्न, समाजरत्न, नारीरत्न, सगळी रत्नं आधी माझ्या मशीनमधून बाहेर पडतात आणि मग चौकातल्या खांबांवर चढतात. पैसे भरायचे, शाल घ्यायची, ट्रॉफीबरोबर फोटो काढायचा आणि तो फोटो मोठा करायला पुन्हा माझ्याचकडे यायचं. रत्नांचा एवढा सुकाळ झालाय की उद्या साध्या गारगोटीला भाव येईल. माझं पोट त्यावर चालतं हे खरं, पण ज्याचं खातो त्याला नावं ठेवण्याइतका मोकळेपणा मी राखून आहे.

एका पुरस्काराबद्दल मात्र मी वाकडं बोलत नाही. तो सरोजाबाईंना मिळाला नाही, तरीही.

सरोजाबाई पाईकराव. माझ्या समोरच, गॅरेज आणि टायरवाल्याच्या मधे, ‘उदय ताडपत्री वर्क्स’ अशी पाटी आहे. ट्रकवरचा माल झाकायला जी जाड ताडपत्री लागते, ती तिथे शिवून मिळते, फाटलेली दुरुस्त होते. बाई पन्नाशीच्या, अंगाने बारीक, बोलणं मोजकं. उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा बांधलेला, कारण एवढ्या जाड कापडातून दाभण रेटायचं तर नुसता तळवा पुरत नाही. दुकानात शिरलं की समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली शिलाईचं मशीन, बाजूला खुंटीवर इस्त्री केलेला पुरुषाचा शर्ट आणि उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला. साहिल चहावाला सकाळ-संध्याकाळ तिथे दोन कटिंग ठेवून जायचा.

लांबचा एखादा ट्रक थांबायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा आणि दारातूनच विचारायचा, “सेठ है क्या?”

“डिलिव्हरी पे गये हैं. शाम को आयेंगे,” सरोजाबाई मान वर न करता सांगायच्या. “काम बोलो, मैं उनको बताती.”

ड्रायव्हर फाटकी ताडपत्री टाकून जेवायला जायचा. बाई दिवसभर बसून ती शिवायच्या. दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला, की शिलाईवरून हात फिरवून म्हणायचा, “सेठ का हाथ अच्छा है.” आणि बाई म्हणायच्या, “हां, उन्होंनेच सिया.”

उदय पाईकराव जाऊन तेव्हा सात वर्षं होत आली होती.

उदय मला चांगला आठवतो. हिंगोलीकडचा माणूस, इथे आधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायचा, मग एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिवण शिकला आणि स्वतःचा गाळा घेतला. आवाज असा की समोरच्या रस्त्यावरचे हॉर्न फिके पडावेत. तो मशीनवर बसायचा, सरोजाबाई हाताने कडा शिवायच्या आणि पितळी रिंगा ठोकायच्या. तो बोलायचा, त्या ऐकायच्या. एका दुपारी त्याने छातीत जळजळतंय म्हणून पाणी मागितलं. रिक्षात मीच घातलं त्याला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गावाला परतले, मुलगी निशा नर्सिंगच्या कॉलेजला नाशिकला गेली, आणि सरोजाबाईंनी पेणकरपाड्याच्या खोलीवरून येऊन दुकानाचं शटर उघडलं. त्याच दिवशी एक ड्रायव्हर आला, थोडी प्यायलेला होता. सेठ कुठे म्हणून त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन उदयच्या स्टुलावर बसला. बाईंच्या तोंडून निघून गेलं, आत्ता येतीलच, डिलिव्हरीला गेलेत. तो झटक्यात उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

खोटं बोलायची त्या बाईला सवय नव्हती. पण हे खोटं तिला औषधासारखं लागू पडलं. हायवेवर दिवसभर एकटी बसलेली बाई आणि नवरा जरा बाहेर गेलेली बाई, यात केवढं अंतर असतं ते बायकांना सांगावं लागत नाही. शिवाय बाईने शिवलेल्या ताडपत्रीवर कोण विश्वास ठेवणार, हीही भीती होतीच. म्हणून शर्ट आला, चपला आल्या, दोन कटिंग आले. उदयचा फोटो मात्र दुकानात आला नाही. फोटो आला की हार आला, आणि हार दिसला की सगळं कळलं. आम्ही आजूबाजूचे तीन-चार जण जाणून होतो, पण त्यावर कधी बोललो नाही.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी त्या थोडा वेळ नुसत्या बसून राहायच्या. स्वतःचा चहा पिऊन झालेला असे, दुसरा ग्लास स्टुलावर तसाच. मग तो गार झालेला चहाही त्याच पिऊन टाकायच्या. मला समोरून सगळं दिसायचं, आणि दर वेळी मी कामात असल्याचं सोंग करायचो.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या उद्योजिकांच्या एका संस्थेने पुरस्कार जाहीर केले. क्षितिजा म्हणून त्यांच्या एक तरुण मॅडम पोस्टर छापायला आल्या. त्यात ‘प्रवेश फी नाही’ असं लिहिलेलं होतं. मी दोनदा विचारून खात्री केली, कारण हे वाक्य मी त्याआधी कधी छापलं नव्हतं. पोस्टरची एक प्रत माझ्या काचेवर लावली, आणि लाइट बिलाची झेरॉक्स काढायला आलेल्या सरोजाबाई ती वाचत उभ्या राहिल्या.

“जितूभाऊ, हे मोठ्या बायकांसाठी असतंय का?”

“धंदा करणाऱ्या बायकांसाठी. मोठ्या की बारीक ते लिहिलेलं नाही.”

त्या गेल्या. चार दिवसांनी परत आल्या, या वेळी झेरॉक्स वगैरे काही नव्हतं.

“त्यात काय द्यावं लागतंय?”

“मोबाइलवर स्वतःबद्दल बोलून पाठवायचं. काय करता, कसं करता. मग ते लोक बघायला येतात.” आणि माझा स्वभाव मला गप्प बसू देत नाही, म्हणून मी पुढे म्हणालो, “तुम्हाला कशाला हवंय हे? शाल तर ताडपत्रीचीसुद्धा करता येईल.”

त्या हसल्या नाहीत. “निशा म्हणती, आई, तो धंदा बाबांचा होता. तू कशाला ओढत बसलीस, बंद कर आणि इकडे ये. दर फोनला तेच.” त्या काचेवरच्या पोस्टरकडे बघत राहिल्या. “मलापण आता तसंच वाटायला लागलंय. त्यांचंच दुकान, मी नुसती राखण करतेय. कुणीतरी परक्या माणसाने बघून सांगावं, माझं यात काय आहे का नाही.”

यावर चेष्टा करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी मोबाइल घेऊन त्यांच्या दुकानात गेलो.

पहिल्यांदा त्या बोलल्या ते सगळं उदयबद्दल. उदयने गाळा कसा घेतला, उदयला मशीन कसं कळायचं, उदय काय म्हणायचा. मी थांबवलं. म्हटलं, बाई, मेलेल्या माणसाला उद्योजिका पुरस्कार देत नाहीत. हे जरा जास्तच झालं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा सुरू केलं आणि ‘मी’ म्हणून ज्या अडकल्या, त्या अडकल्याच. बाहेरून दोन कंटेनर गेले, टायरवाल्याने हवा भरून दिली, तरी पुढचा शब्द येईना.

“असं करा,” मी म्हणालो, “बोलू नका. शिवा. आणि काय करताय तेवढं सांगत जा.”

मग जमलं. त्यांनी दोरा मेणावरून ओढला, कापडाची दुहेरी घडी घातली आणि टाके घालता घालता सांगायला लागल्या. टाका बारीक का घालायचा. घडी उताराच्या बाजूला का वळवायची. शिवून झालं की ताडपत्री चारी टोकांनी बांधून झोळी करायची, त्यात पाणी ओतून ठेवायचं आणि खालून हात फिरवायचा. हात कोरडा तर काम पास. “हात ओला लागला तर मी सगळी शिलाई उसवते,” त्या म्हणाल्या, “आणि पहिल्यापासून शिवते. मीच शिवते सगळं.” हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनी दचकून खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. कुणाच्या घरातून काहीतरी उचलल्यासारखा चेहरा झाला होता.

“पाठवू?” मी विचारलं.

“उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “पाठवा.”

पंधरा दिवसांनी क्षितिजा मॅडम बघायला आल्या. मी सोबतीला म्हणून दारात उभा होतो. सरोजाबाईंनी नवी साडी नेसली होती, पण पट्टा तोच, तळहाताला. सगळं छान चाललं होतं. मॅडम विचारत होत्या, बाई हळूहळू उत्तरं देत होत्या. नवरा वारल्याचं रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं, त्याबद्दल मॅडम दोन शब्द चांगले बोलल्या. तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतूनच हाक मारली.

“सेठ है क्या?”

“डिलिव्हरी पे गये हैं,” सरोजाबाई म्हणाल्या. “शाम को आयेंगे.”

जिभेला लागलेलं वळण. त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ड्रायव्हर “ठीक है” म्हणून जेवायला गेला. मॅडमनी शर्टाकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, स्टुलावरच्या दुसऱ्या चहाकडे पाहिलं.

“ताई, काम नक्की कोण करतं इथे?” त्यांनी शांतपणे विचारलं. “रागावू नका, पण दर वर्षी आमच्याकडे असे अर्ज येतात. नाव बाईचं असतं आणि धंदा घरातला पुरुष करत असतो.”

सरोजाबाईंनी तळहाताचा पट्टा सोडला आणि परत बांधला. मला बोलायचं होतं, बाईंनी हातानेच मला गप्प केलं. मॅडम ‘कळवतो’ म्हणून गेल्या. मला मॅडमचा राग आला आणि बाईंचाही आला. पण खरं सांगायचं तर मॅडमचं काही चुकलं नव्हतं. सात वर्षं ज्या गोष्टीवर सगळ्यांनी विश्वास ठेवावा म्हणून बाईंनी एवढी खटपट केली, त्या गोष्टीवर मॅडमनी विश्वास ठेवला, इतकंच.

दोन दिवस समोरचं शटर अर्धंच वर होतं. तिसऱ्या दिवशी सरोजाबाई माझ्याकडे येऊन बाकावर बसल्या.

“मॅडमचा नंबर लावून द्या.”

“काय बोलणार?”

“लावून तर द्या.”

मी फोन स्पीकरवर ठेवला. बाई भिंतीकडे तोंड करून बोलल्या. “मॅडम, मी सरोजा पाईकराव. माझे मालक सात वर्षांमागे वारले, ते खरं आहे. ते संध्याकाळी येतील असं मी लोकांना सांगते, ते खोटं आहे. एकटीला भ्या वाटतं म्हणून सांगते. पण शिवते मीच. हे तुमच्या बक्षिसासाठी सांगत नाही. बक्षीस नका देऊ. पण माझं काम दुसऱ्याचं म्हणू नका.”

मग मॅडमनी विचारलं, “आणि तो शर्ट?”

“दर सोमवारी धुऊन, इस्त्री करून लावते.”

क्षितिजा मॅडम परत आल्या, न सांगता आल्या, आणि दुपारभर उदयच्या स्टुलावर बसून बाईंचं शिवणं बघत राहिल्या. आठवड्याने निरोप आला की शेवटच्या पाच जणींत नाव आहे, भाईंदरला कार्यक्रम आहे, बरोबर दोन पाहुणे आणता येतील.

दोन पाहुणे म्हटल्यावर बाई अडचणीत पडल्या. निशाला ड्यूटी होती. पेणकरपाड्यात शेजारणी होत्या, पण दुकानातलं ते खोटं सांभाळता सांभाळता बाईंनी कुणाशी फार जवळीक ठेवलीच नव्हती. जवळ आलेलं माणूस दुकानातही येतं, आणि शर्ट-चपलांबद्दल प्रश्न विचारतं. शेवटी मी गेलो, पुरस्कारांचा वैरी. बाईंच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ‘पाहुणे’ अशी चिठ्ठी लावलेली रिकामी खुर्ची. त्यांनी आधी तिच्यावर पर्स ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. कार्यक्रमभर ती खुर्ची तशीच राहिली.

पाचही जणींना स्टेजवर बोलवून दोन-दोन मिनिटं बोलायला सांगितलं. बाकीच्या पाठ करून आल्या होत्या. सरोजाबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

“माझं नाव सरोजा पाईकराव. काशीमीऱ्याला माझं ताडपत्रीचं दुकान आहे.”

पुढचं विसरल्या. नमस्कार करून खाली आल्या. टाळ्या मात्र चांगल्या वाजल्या. पुरस्कार बेव्हर्ली पार्कमधल्या एका केकवाल्या बाईंना मिळाला. मी नाक मुरडायची तयारी केली होती, पण चहापानाला त्यांचाच केक होता, आणि तो खरंच चांगला होता.

परत येताना रिक्षात बाईंनी प्रमाणपत्र पदरात झाकून धरलं होतं.

“हरले ना मी?”

“हरलात,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं.

“मला तसं वाटतच नाहीये.” जरा वेळाने त्या म्हणाल्या, “एवढ्या माणसांत बोलले मी, माझं दुकान म्हणून. कुणी हसलं नाही. मला वाटलेलं, वरून उदय तरी हसतील.” आणि पूल उतरल्यावर म्हणाल्या, “आता उद्या कुणी विचारलं, सेठ कुठे, तर काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी खुंटीवर शर्ट नव्हता. चपला होत्या.

प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेशनला माझ्याकडे दिलं होतं. ते द्यायला मी गेलो तेव्हा हरिश्चंद्र आलेला होता. जौनपूरचा म्हातारा ड्रायव्हर, उदयच्या वेळेपासूनचा, वर्षातून तीन-चार खेपा असायच्या त्याच्या. ट्रकमधून ताडपत्री ओढून काढता काढता त्याने नेहमीसारखंच विचारलं, “सेठ नहीं दिख रहे, भाभी?”

सरोजाबाईंनी दाभण खाली ठेवलं.

“सेठ नहीं हैं, भाईसाब. गुजर गये. सात साल हुआ. आपका सब काम मैंनेच किया है.”

हरिश्चंद्रने ताडपत्री जमिनीवर टेकवली आणि गळ्यातल्या गमछ्याने तोंड पुसलं.

“मालूम है,” तो म्हणाला.

“क्या मालूम है?”

“सेठ टाँका लंबा डालते थे. आप छोटा डालती हो. पहली खेप में ही समझ गया था. ये चप्पल भी तो कभी घिसती नहीं, भाभी.” तो जरा ओशाळला. “इस लाइन के सब पुराने ड्रायव्हर जानते हैं. आप बोलती थीं शाम को आयेंगे, तो हम भी बोलते थे, ठीक है. आपका मान रखना था. बाकी सिलाई तो आपकी ही चाहिए. इसीलिए तो यहाँ गाड़ी रोकते हैं, नहीं तो आगे दुकान की क्या कमी है.”

नावाला जागलेला माणूस. बोलून झाल्यावर तो जेवायला निघून गेला. मला एवढा आनंद झाला की प्रमाणपत्र कुठे लावायचं ते विचारायचंही राहिलं.

“ऐकलंत?” मी म्हणालो. “सात वर्षं तुमच्याच कामासाठी येतायत लोक. तुम्हाला परक्या माणसाने सांगायला हवं होतं ना? घ्या, सांगितलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर थोडं हसू आलं, खरंखुरं. त्यांनी हरिश्चंद्रची ताडपत्री मांडीवर ओढली, फाटलेली जागा शोधली, बोटाने चाचपली. मग हात थांबला.

“सगळ्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ते संध्याकाळी येणार, असं इतकी वर्षं फक्त मलाच वाटत होतं.”

हायवेवरून गाड्या जात होत्या. त्यांनी दोरा मेणावरून ओढला आणि कामाला लागल्या.

संध्याकाळी साहिल नेहमीप्रमाणे दोन कटिंग घेऊन आला. बाईंनी एक उचलला. दुसरा स्टुलावर ठेवायला तो वाकला, तेव्हा त्याला त्या काहीतरी म्हणाल्या. तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि ग्लास माझ्या काउंटरवर ठेवला.

“भाभी बोली, ये आपको देने का.”

मी समोर पाहिलं. सरोजाबाई आपला ग्लास हातात घेऊन रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, चपला उंबऱ्याशी तशाच होत्या. मी चहा प्यायलो. अजून गरम होता.